‘संप्रेरकांचे संतुलन’ : चिनी आहारविचाराच्या मराठी रूपांतराची चिकित्सा

बीजशब्द : चिनी वैद्यक, आयुर्वेद, अग्नी, संप्रेरक, संतुलन, देशसात्म्य, भाषांतर.

१. प्रस्तावना

आरोग्यविषयक मराठी लेखनात अलीकडे ‘हार्मोन संतुलन’ हा शब्दप्रयोग चांगलाच रूढ झाला आहे. पाळीच्या तक्रारी, थायरॉईडचे विकार, वाढते वजन, केस गळणे, झोप न लागणे या परस्परभिन्न तक्रारींचे मूळ आतड्यात असते आणि योग्य आहाराने आतडे सुधारले की संप्रेरके आपोआप संतुलित होतात, असे या लेखनाचे सर्वसाधारण प्रतिपादन असते. त्याच्या पुष्टीसाठी कधी आयुर्वेदातील अग्नीचा, तर कधी पारंपरिक चिनी वैद्यकातील ‘प्लीहा’ आणि ‘यिन-यांग’ या कल्पनांचा हवाला दिला जातो. हे हवाले वाचताना दोन प्राचीन परंपरा आणि आधुनिक शरीरविज्ञान एकच गोष्ट सांगत आहेत, असा वाचकाचा समज होतो. हा समज कितपत साधार आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय नाशिकला परका नाही. वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ साली नाशिक येथेच अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला गेला. वसाहतकाळात पाश्चात्त्य वैद्यकासमोर देशी वैद्यकाने संघटित होऊन उभे राहण्याचा तो प्रयत्न होता. पुढे १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच स्थापन झाले आणि आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी या शाखांचे शिक्षण एका विद्यापीठाच्या छत्राखाली आले. त्यामुळे निरनिराळ्या वैद्यकपरंपरांनी एकमेकींशी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न या शहरात केवळ तात्त्विक उरत नाही.

चिनी आहारविचार खरा की खोटा, असा सरधोपट निवाडा करणे येथे अभिप्रेत नाही. एका परंपरेतील संकल्पना दुसऱ्या परंपरेच्या शब्दांत आणताना काय टिकते, काय गळते आणि या व्यवहाराची किंमत कोणाला मोजावी लागते, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

२. चिनी आहारविचाराचे स्वरूप

चिनी वैद्यकात आहाराला दुय्यम स्थान कधीच नव्हते. सातव्या शतकातील वैद्य सुन सिमियाओ यांच्या ग्रंथात आहारचिकित्सेला स्वतंत्र प्रकरण आहे. वैद्याने आधी आहाराने रोग दूर करण्याचा प्रयत्न करावा, त्याने गुण न आल्यासच औषधाकडे वळावे, अशी त्यांची भूमिका आहे. या परंपरेत प्रत्येक अन्नपदार्थाला थंड, शीतल, उबदार वा उष्ण असा स्वभाव आणि पाचांपैकी एक किंवा अधिक रस असतो. आयुर्वेदातील षड्‌रस आणि शीत-उष्ण वीर्य यांची आठवण मराठी वाचकाला येथे होणे साहजिक आहे. एखादा पदार्थ ‘उष्ण पडतो’ किंवा ‘वातूळ आहे’ असे म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हा विचार समजावून सांगावा लागत नाही.

या परंपरेतील पचनविषयक सिद्धान्त ली दोंगयुआन (११८०–१२५१) यांनी ‘पी-वेई लुन’ या ग्रंथात मांडला. ‘पी’ आणि ‘वेई’ म्हणजे ढोबळमानाने प्लीहा आणि जठर. या दोहोंना इजा पोहोचली की असंख्य रोग उद्भवतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मंदाग्नीला सर्व रोगांचे मूळ मानणारा वाग्भट येथे सहज आठवतो. मात्र ली यांच्या सिद्धान्तामागचा अनुभव निराळा आहे. १२३२ साली मंगोल सैन्याने आजच्या काइफेंग शहराला वेढा घातला. वेढा उठल्यानंतर शहरात मोठ्या संख्येने माणसे दगावली. बाहेरून आलेल्या रोगकारक शीताने ही माणसे मेली, हे प्रचलित निदान ली यांना पटले नाही. उपासमार, अतिश्रम, भय आणि त्यानंतर अवेळी केलेले अतिभोजन यांनी त्यांची पचनशक्ती आतूनच खचली होती, असे निदान त्यांनी केले. म्हणजे ‘प्लीहा-जठर’ सिद्धान्ताचा जन्म उपाशी शहरात झाला. भरल्या घरातल्या, वजन वाढल्याने चिंतेत असलेल्या वाचकाला तो जसाच्या तसा लागू करताना हा संदर्भ नजरेआड होतो.

पेजेचे उदाहरण दोन्ही परंपरांमधील साम्य चांगले दाखवते. ‘शांगहान लुन’ या ग्रंथात दालचिनीचा काढा दिल्यानंतर रुग्णाला गरम पातळ पेज पाजण्याची सूचना आहे. आयुर्वेदात पंचकर्मानंतर पेया, विलेपी असा क्रम सांगितला आहे. आपल्याकडे तापातून उठलेल्याला आजही पेज किंवा मऊ भात देतात. अशक्त पोटावर एकदम भार टाकू नये, हे निरीक्षण दोन्हीकडे स्वतंत्रपणे झाले आणि ते टिकले. परंपरेची खरी ताकद अशा बारीक निरीक्षणात आहे, हे आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे.

३. ‘पी’ म्हणजे प्लीहा नव्हे

रूपांतराची पहिली अडचण शब्दाची आहे. चिनी वैद्यकातील ‘पी’ हा केवळ अवयव नाही. अन्नाचे रूपांतर करून त्याचे सत्त्व शरीरभर पोहोचवणारी ती एक कार्यशक्ती आहे आणि पंचतत्त्वांपैकी पृथ्वीशी तिचे नाते आहे. इंग्रजीत या शब्दासाठी शरीररचनाशास्त्रातील प्लीहेचाच शब्द वापरला गेला आणि इंग्रजीतून तो मराठीत ‘प्लीहा’ म्हणून आला. आधुनिक शरीरविज्ञानात प्लीहा जुन्या रक्तपेशी गाळते आणि रोगप्रतिकारात सहभागी होते, अन्नपचन हे तिचे काम नाही. आयुर्वेदातही प्लीहा आणि यकृत ही रक्तवह स्रोतसांची मुळे मानली आहेत, पचनाचे कार्य अग्नीकडे आहे. परिणामी ‘तुमची प्लीहा अशक्त आहे’ या मराठी वाक्याला तिन्हींपैकी कोणत्याही शास्त्रात नीट अर्थ उरत नाही. ते वाक्य वाचून एखादी व्यक्ती सोनोग्राफी करून घेण्यास निघाली तर दोष तिचा नाही, भाषांतराचा आहे.

नावांच्या अशा सरमिसळीतून प्राणावर बेतल्याचे उदाहरण जगासमोर आहे. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात चिनी वनस्पतींची मिश्रणे दिली जात होती. त्यांत एका वनस्पतीऐवजी चिनी भाषेत मिळतेजुळते नाव असलेली ॲरिस्टोलोकिया गटातील विषारी वनस्पती गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९३ मध्ये ही बाब वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली. ‘नैसर्गिक’ आणि ‘पारंपरिक’ ही विशेषणे सुरक्षिततेची हमी देत नाहीत, हा या घटनेचा एक अर्थ आहे. नावाच्या बाबतीतली हयगय ही आशयाच्या बाबतीतलीही हयगय असते, हा दुसरा.

४. ‘संतुलन’ या शब्दाचे स्थलांतर

दुसरी आणि अधिक मूलगामी अडचण ‘संतुलन’ या शब्दाची आहे. आतडे आणि संप्रेरके यांचा संबंध काल्पनिक नाही. किंबहुना संप्रेरक या संकल्पनेचा जन्मच आतड्याच्या अभ्यासातून झाला. १९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी लहान आतड्याच्या अस्तरातून निघून रक्तावाटे स्वादुपिंडाला चालना देणारे ‘सिक्रेटिन’ शोधले. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द वापरात आणला. ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून तो घेतला आहे. मराठीतील ‘संप्रेरक’ हा पर्याय त्या अर्थाशी विलक्षण प्रामाणिक आहे. दोन्ही शब्दांत कल्पना आहे ती प्रेरणेची. तराजूची प्रतिमा कोणत्याच शब्दात नाही.

तराजू आला तो परंपरेच्या बाजूने. दोषांचे साम्य म्हणजे आरोग्य ही आयुर्वेदाची धारणा आहे, यिन आणि यांग यांचे परस्परपूरकत्व ही चिनी वैद्यकाची. आपापल्या चौकटीत या कल्पना सुसंगत आहेत. मात्र हीच प्रतिमा संप्रेरकांवर लादली की ती दिशाभूल करते. रक्तातील कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास कमी असते. मासिक चक्राच्या मध्यावर ल्युटिनायझिंग संप्रेरकाची पातळी एकाएकी उसळते आणि त्या उसळीनेच बीजमोचन होते. स्थिर समतोल हेच आरोग्य मानले तर स्त्रीच्या प्रजननक्षमतेचा हा गाभाच ‘असंतुलन’ ठरेल. थायरॉईड ग्रंथीचे स्रवण घटले की तिला चालना देणारे पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक वाढते. येथे एकाची वाढ ही दुसऱ्याच्या घटीची हाक असते. ही व्यवस्था नियमनाची आहे, समतोलाची नव्हे.

अलीकडच्या संशोधनाने आतड्याचे महत्त्व वाढवलेच आहे. भूक जागवणारे घ्रेलिन १९९९ मध्ये जठरातून शोधले गेले. आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाच्या धर्तीवर तयार केलेली औषधे मधुमेह आणि स्थूलता यांवर वापरली जातात. यकृताने बांधून पित्तावाटे बाहेर टाकलेले इस्ट्रोजेन आतड्यातील काही जिवाणू पुन्हा मोकळे करतात आणि त्याचा काही भाग रक्तात परत शोषला जातो, हेही ज्ञात आहे. तथापि ‘आतड्याचा संप्रेरकांशी संबंध आहे’ या विधानापासून ‘अमुक पदार्थ खाल्ल्याने तुमचे इस्ट्रोजेन ठीक होईल’ या विधानापर्यंतचे अंतर फार मोठे आहे. लोकप्रिय लेखन हे अंतर एका शब्दाच्या पुलावरून पार करते. ‘संतुलन’ हा तो शब्द. त्याला प्रयोगशाळेची प्रतिष्ठा मिळते आणि परंपरेची संदिग्धताही. तो खोटा पाडता येत नाही, म्हणूनच तो शास्त्रीय विधानही होऊ शकत नाही.

५. गलगंड : औषध कधी औषध नसते

आहाराने संप्रेरकांचा विकार बरा झाल्याचे ठोस उदाहरण चिनी परंपरेत आहे. ते म्हणजे गलगंडाचे. चौथ्या शतकातील गे होंग यांनी गलगंडावर समुद्रशैवाल मद्यात भिजवून देण्याचा उपाय नोंदवला आहे. सुन सिमियाओ यांच्या ग्रंथात मेंढ्याची व हरणाची थायरॉईड ग्रंथी वापरण्याचे उल्लेख आहेत. १८११ मध्ये बर्नार कुर्त्वा यांना समुद्रशैवालाच्या राखेत आयोडीन सापडले. १८२० मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर कॉइंदे यांनी ते गलगंडावर वापरले. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढ्याच्या थायरॉईडचा अर्क रुग्णाला टोचून गुण मिळवला. १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले. जुने निरीक्षण का खरे ठरते, याचा उलगडा होण्यास असा दीर्घ काळ लागला.

परंतु या उलगड्याने परंपरेला एक मर्यादाही घालून दिली. शैवाल उपयोगी पडते ते आयोडीनची उणीव असेल तेव्हा. भारतात कांगडा खोऱ्यातील व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाची उपयुक्तता सिद्ध झाली, १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ मध्ये केंद्र शासनाने खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर पुन्हा बंदी घातली. आयोडीनयुक्त मीठ रोज खाणाऱ्या शहरी स्त्रीचा थायरॉईड मंदावतो तेव्हा त्यामागे पुष्कळदा स्वयंप्रतिकारजन्य विकार असतो. अशा वेळी ‘थायरॉईडसाठी चिनी शैवाल’ म्हणून आयोडीनची भर घातली तर विकार बळावण्याची शक्यता असते. ज्या पदार्थाने एका काळी, एका प्रदेशात गलगंड बरा केला, तोच दुसऱ्या ठिकाणी अपाय करू शकतो. पदार्थ तोच राहिला, कारण बदलले. केवळ ‘संतुलन’ म्हणणारे लेखन हा फरक करूच शकत नाही, कारण कारणाचा शोध घेणे त्याच्या भाषेत बसत नाही.

६. देशसात्म्याचा निकष

चिनी आहारविचार मराठी ताटावर उतरवताना दुसराही प्रश्न उभा राहतो. त्या परंपरेत कच्चे आणि थंड अन्न ‘पी’ला मारक मानतात. दुग्धजन्य पदार्थ ओलावा वाढवतात, असे आजचे तिचे मार्गदर्शक सांगतात. पूर्व आशियातील बहुसंख्य प्रौढांना दुधातील शर्करा पचत नाही, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तर हा सल्ला तेथे समजण्यासारखा आहे. मात्र जेवणाच्या शेवटी ताक आणि पानात कोशिंबीर असणाऱ्या घराला तो कोणत्या आधारावर द्यायचा? नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात नागली पिकते. तिची भाकरी आणि आंबील हे तेथील अंगवळणी पडलेले अन्न आहे. आंबवलेल्या अन्नाचे आणि भरड धान्याचे महत्त्व सांगण्यासाठी दूरदेशीच्या पदार्थांची यादी आणताना घराजवळचे हे अन्न मात्र अनुल्लेखित राहते, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

या प्रश्नाचे उत्तर खुद्द चरकसंहितेत सापडते. विमानस्थानात आहाराचा विचार करताना प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता असे आठ घटक पाहण्यास सांगितले आहे. म्हणजे पदार्थाचा गुण हा आठांपैकी केवळ एक घटक. संस्कार, प्रमाण, प्रदेश आणि खाणारा बदलला की परिणाम बदलतो. चिकित्सास्थानात तर निरनिराळ्या लोकांना कोणते अन्न सात्म्य आहे, हे सांगताना बाह्लीक, पह्लव, यवन, शक यांच्यासोबत ‘चीन’ हेही नाव येते आणि मांस व गहू यांची सवय असलेल्यांत त्यांची गणना होते. ज्या अन्नाची एका समूहाला सवय आहे ते दुसऱ्याला सरसकट हितकर मानू नये, हे तत्त्व त्यातून सूचित होते. चिनी आहारपद्धतीचे मराठी रूपांतर करणाऱ्या लेखनाला आयुर्वेदाचा दाखला हवा असेल, तर तो या कठोर निकषासह घ्यावा लागेल. अग्नी तेवढा उचलून देश आणि काल मागे ठेवता येणार नाहीत.

७. परंपरा आणि परीक्षा

‘परंपरा प्रयोगशाळेच्या कसोटीला लावू नये’ असा एक युक्तिवाद केला जातो. चीनचा स्वतःचा इतिहास त्याला पुष्टी देत नाही. १९२९ मध्ये तेथील राष्ट्रवादी राजवटीत जुन्या वैद्यकावर निर्बंध आणण्याचा ठराव झाला तेव्हा वैद्यांनी शांघायमध्ये एकत्र येऊन प्रखर विरोध केला. नाशिकच्या १९०७च्या संमेलनाशी या घटनेचे भावनिक नाते सहज जुळते. पुढे साम्यवादी राजवटीत १९५६ पासून चिनी वैद्यकाची महाविद्यालये निघाली, पाठ्यपुस्तके तयार झाली. आज ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ म्हणून जगभर ओळखली जाणारी एकसंध पद्धती बऱ्याच अंशी या विसाव्या शतकातील संपादनाचे फलित आहे. म्हणजे परंपरा स्वतःला बदलत, तपासत आलेली आहे.

तपासणीचे दोन निकाल येथे पाहण्यासारखे आहेत. तु यूयू यांनी गे होंग यांच्या ग्रंथातील वनस्पती भिजवून पिळण्याच्या सूचनेवरून कमी तापमानाला अर्क काढण्याची दिशा घेतली. त्यातून हिवतापावरील आर्टेमिसिनिन हाती आले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा निकाल या लेखाच्या विषयाला अधिक जवळचा आहे. बीजांडकोशाच्या पीसीओएस या विकारात ॲक्युपंक्चरने अपत्यप्राप्तीची शक्यता वाढते का, हे चीनमध्येच १००० स्त्रियांवर तपासले गेले आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. क्लोमिफीन या औषधासोबत खरे ॲक्युपंक्चर घेतलेल्या गटात सुमारे २९ टक्के, तर औषधासोबत नाममात्र ॲक्युपंक्चर घेतलेल्या गटात २८ टक्के स्त्रियांना मूल झाले. औषधाविना हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे १४ आणि १७ टक्के होते. फरक औषधाने पडला होता, ॲक्युपंक्चरने नव्हे. आपल्या वारशाबद्दल अभिमान बाळगणाऱ्या देशातील संशोधकांनी हा प्रतिकूल निष्कर्ष प्रसिद्ध केला, यात परंपरेचा अवमान नाही, प्रौढत्व आहे. पीसीओएसबाबत २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही सकस आहाराचा आग्रह धरताना कोणतीही एक विशिष्ट आहारपद्धती इतरांपेक्षा सरस ठरल्याचे मानलेले नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, सिद्धान्त कसाही असो, वेळेवर, ताजे, गरम, बेताचे खाण्याच्या सल्ल्याने लोकांना बरे वाटते, मग हरकत कोणती? सल्ल्याला हरकत नाहीच. हरकत आहे ती त्याला चिकटवलेल्या वचनाला. ‘आहाराने संप्रेरके संतुलित होतात’ असे वचन मिळाले की थायरॉईडची गोळी बंद करण्याचा मोह होतो, साधी रक्ततपासणी लांबणीवर पडते. आणि गुण आला नाही तर दोष औषधाकडे वा सिद्धान्ताकडे न जाता स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या स्त्रीकडे येतो. तिने पथ्य नीट पाळले नाही, असे म्हणायला सारेच मोकळे असतात. विकाराचे ओझे तिच्यावर होतेच. त्यात अपराधाचे ओझे भर घालते. या लेखनाची खरी किंमत ती हीच.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) चिनी आहारविचार आणि आयुर्वेद यांच्यात पचनाला केंद्रस्थानी मानण्याचे साम्य आहे. मात्र ‘पी’, ‘अग्नी’ आणि ‘आतडे’ या समानार्थी संकल्पना नाहीत. भाषांतरात मूळ संज्ञा कायम ठेवून तिचा अर्थ विशद करणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

२) ‘संतुलन’ ही दोषसाम्य आणि यिन-यांग यांच्या चौकटीतील प्रतिमा आहे. संप्रेरकांच्या संदर्भात ‘नियमन’ हा शब्द अधिक यथार्थ आहे. कोणते संप्रेरक, किती आणि कोणत्या कारणाने कमी वा अधिक, हे सांगितल्याविना केलेले विधान आरोग्यशिक्षण ठरत नाही.

३) गलगंडाचे उदाहरण परंपरेचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दाखवते. कारण समजले तेव्हाच उपाय कोणासाठी आणि कोणासाठी नाही, हे कळले.

४) देश, काल आणि उपयोक्ता यांचा चरकोक्त निकष परदेशी आहारपद्धतींना लावला पाहिजे, आणि तितक्याच काटेकोरपणे स्वदेशी दाव्यांनाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणून. त्यांच्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे ॲक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात आणले. भारत आणि चीन यांच्यातील वैद्यकीय देवघेव अशी प्रत्यक्ष शिकण्या-शिकवण्यातून झाली आहे. आहारविचाराची देवघेवही तशीच व्हायची तर तयार याद्या आणि मोघम आश्वासने पुरेशी नाहीत. ज्या नाशिकात देशी वैद्यक संघटित होण्यास आरंभ झाला आणि जेथे आज अनेक वैद्यकशाखा एका विद्यापीठात नांदतात, तेथील महाविद्यालयांतील आहारशास्त्र, संस्कृत, मराठी आणि जीवशास्त्र या विभागांना एकत्र बसून हे काम हाती घेता येईल. पेठ-सुरगाण्याच्या नागलीपासून आरंभ केला तरी चालेल.